तलंग

जुईलीच्या शाळेबाहेर टोपलीवाला बसतो,
वीसला एक. गुलाबी, हिरवी, जांभळी.
पाच आणली. दोन त्याच आठवड्यात गेली,
चपलांच्या खोक्यात, बल्बच्या उबेत.

उरलेल्या तिघांचा रंग मुळापासून
पांढरा होत गेला,
केस रंगवायचे सोडलेल्या बाईसारखा.

फिलूबाय रोज गॅलरीत येऊन उचलून बघते.
कुर्ल्याच्या गावठाणात तिच्या आईची पन्नास कोंबडी होती
विहिरीपाशी, आता गाड्या धुतात तिथे.
पंख उलगडते, हातातले पत्ते उलगडावेत तसा.
'पिसां सारकी असली तं नर. खालीवर, मादी.
पन ह्ये पैल्या दोन दिसांत बगायचा गो,
आता वेल गेली.'
आता नुसती वाट बघायची.

मी कामाला जाते त्या सेंटरच्या भिंतीवर पाटी आहे,
लाल अक्षरांत, तीन भाषांत:
इथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
पाटीखाली माझं टेबल.
वय, पत्ता, सही, आधीची मुलं किती.
'दोन मुली' सांगताना
बायकांचा आवाज एक पायरी उतरतो.
मी मान वर करत नाही.
कधी वाटतं, पगार त्याचाच आहे.

घरी मात्र अख्खा मजला विचारतो, काय, कळलं का?
आणि मी घडाघडा सांगते.
थोरल्याचे पाय जाड,
पाचव्या आठवड्यातच तुरा लाल,
बादलीसमोर छाती काढून उभा राहतो,
बादली हलत नाही तोवर हटत नाही.
मधलीचा तुरा फिका, मान बारीक,
ती आधी दाणे टिपते, मग बघते कोण आलं.
'तलंग व्हनार,' फिलूबाय म्हणाली.
हा शब्द मी भांडी घासताना
दोनदा म्हणून बघितला.

टोपलीत बहुतेक नरच येतात म्हणे,
अंडी न देणारे, उबवणीतून काढून टाकलेले.
'मग मुली?' जुईलीने विचारलं.
'त्या ठेवून घेतात.'
ती बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिली.

रविवारी जाऊबाई ऐरोलीहून आल्या, पिशवीत फाईल.
चहा झाला, खारी झाली.
'तू तर तिथेच असतेस,' म्हणाल्या,
पुढचं वाक्य बशीत ठेवून दिलं.
मी त्यांना गॅलरीत नेलं, पिल्लं दाखवली.
त्यांनी पदर नाकाला लावला.
बशी मी धुतली.

दहाव्या आठवड्यात थोरला आरवला.
आरवला म्हणजे, गंजलेलं शटर
अर्ध्यावर अडकलं.
सहा पंधराला सेक्रेटरींचा मेसेज.
आता रात्री त्याला डालते, टोपलीवर चादर,
चादरीवर जुना टॉवेल,
आणि म्हण आठवून स्वतःलाच हसते.

राहिलं तिसरं.
कमरेपाशी पिसं ना टोकदार ना गोल,
तुरा गुलाबी, रोज तेवढाच.
फिलूबाय उचलते, चष्मा कपाळावर सरकवते,
फुंकर घालून पिसं बाजूला करते,
परत खाली ठेवते.
'ऱ्हाऊ दे त्याला.'

जुईलीने त्याचं नाव ठेवलंय.
कुणाला सांगत नाही अजून.