चिमटीची नोंद

डुलूथला जानेवारीत साडेचारलाच अंधारून येतं
आणि माझ्या नोंदी तेव्हा कुठे सुरू होतात.
सरोवर गोठलेलं. खनिजाची जहाजं धक्क्याला बांधलेली,
मार्चपर्यंत कुणी कुठे जाणार नाही.
पडद्यावर चार रकाने: तो काय म्हणाला, मला काय दिसलं,
त्याचा अर्थ काय, पुढे काय.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी लिहिलं होतं,
"रुग्णाने उपचार चांगले सोसले."
वेर्ना स्टॉके खुर्ची ओढून शेजारी बसली,
चष्मा कपाळावर, कॉफी केव्हाच निवलेली.
"सोसले? मार्लिस, इथे लोक फेब्रुवारीसुद्धा सोसतात.
त्याचे पैसे देतं का कुणी?
हात काय करत होता ते लिही.
आणि तू तिथे नसतीस
तर काय झालं असतं, तेही."

तेव्हापासून मी मोजते.

आइनो राउतिओ, वय एकोणसत्तर.
चाळीस वर्षं जहाजाचं सुकाणू धरलेला उजवा हात
ऑक्टोबरात एका रात्रीत परका झाला.
चिमटीचा जोर दोन पौंड. डाव्या हाताचा सतरा.
शर्टाची पाच बटणं: तीन लागली, सहा मिनिटं,
दोनदा शब्दांनी आठवण, एकदा मनगटाला माझा आधार.
चौथ्याशी खांदा कानापर्यंत चढला,
कोपराखाली उशी दिल्यावर उतरला.
ती उशी म्हणजे माझं सगळं शिक्षण
आणि अजून न फिटलेलं त्याचं कर्ज.
ती लिहिली नाही तर कुणीही म्हणेल,
बटणंच ना, बायको लावून देईल.
बायको नाही. तेही लिहिलं. दाराला सात पायऱ्या,
कठडा एकाच बाजूला.

घरी गेल्यावर काय करायचंय, विचारलं
तर आठवडाभर भिंतीकडे बघत राहिला.
मग एका सकाळी: "गळ."
बर्फाला भोक पाडून, उपड्या बादलीवर बसून
दोऱ्याला गळ बांधायचा.
दोरा केसाएवढा, गाठीला पाच पीळ.

वेर्ना म्हणाली, मासेमारीला विमा काही देत नाही.
लिही: दोन्ही हातांचा मेळ, बारीक पकड.
खोटं नाही ते.
नव्हतंच. तसं लिहिलंही.
पण पहिल्या रकान्यात त्याचा शब्द ठेवला,
अवतरणात, एकटाच,
आणि खाली: रात्रीचं जेवण स्वतः धरून आणतो,
स्वतः रांधतो.

सहाव्या आठवड्यात विम्याचा फोन.
बाई सौजन्याने बोलत होती, तिच्यामागे आणखी कितीतरी फोन.
"दोन आठवडे आकडे हललेले नाहीत."
भराभर हलले असते तर म्हणाली असती,
बरे झाले की, आता कशाला?
या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत
मला खोटं न बोलता
राउतिओचा अख्खा हात बसवायचा होता.

माझंच लिहिलेलं मी परक्यासारखं वाचत गेले.
पौंड तेवढेच, पाच. मिनिटं तेवढीच.
सोमवारी तीनदा आठवण. गुरुवारी एकदा.
आणि अगदी तळाशी, बाहेर गाडी बर्फाखाली जातेय
या धास्तीत बडवलेली एक ओळ:
उशी न सांगता स्वतःच ओढून घेतली.

उशी!

वाचून दाखवली. पलीकडे कळफलक वाजला.
"आणखी सहा भेटी," ती म्हणाली.
"पण असलं काही वर लिहीत जा हो,
इतक्या खाली कुणी येत नाही."

आज शेवटून दुसरी भेट.
पाच पीळ, बारा मिनिटं, आठवण शून्य.
गाठ ओढली, सुटली. पुन्हा बांधली. राहिली.
उरलेला दोरा दातांनी तोडला.
दात वापरू नयेत अशी सूचना दिली.
ऐकली नाही.
हे सगळ्यात वर लिहिलं.