उलांडी

सोसायटीच्या फलकावर अजून चिकटलेली आहे नोटीस:
पार्किंगमध्ये होडी ठेवण्यास सक्त मनाई.
सेक्रेटरी खानोलकरांनी विचारलं होतं,
ही दुचाकी धरायची की चारचाकी?
मी म्हटलं, बिनचाकी धरा.

पिवळी, प्लास्टिकची, अकरा फुटी कयाक,
बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टची,
पोटावर फिकट आकडा: सात.
तिला मी शीड शिवलं
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचं.
जोडलेले हात राहिले, चेहरा कापला गेला.
डोलकाठी म्हणून जुन्या अँटेनाचा पाइप.

मनोरीच्या धक्क्यावर इनासकाका
जाळं सांधत बसलेला.
मान वर न करता म्हणाला,
"उलांडी नाय?"
नाही, म्हटलं.
"मंग उलटशील."

उलटले.
तिवरांच्या बुडाशी, कमरेइतक्या चिखलात.
एका निवट्याने डोळे फिरवून पाहिलं,
तोही काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी त्याने माळ्यावरून
पांगाऱ्याचा ओंडका काढला, दोन्ही टोकांना निमुळता.
उचलला तर हलका, लाकूड आहे की लाकडाची आठवण.
वर कोरलेली अक्षरं, रो. डि.,
हात लागून लागून गुळगुळीत झालेली.
मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.
दोन बांबू आडवे टाकले
आणि नायलॉनची दोरी दातात धरून आवळत म्हणाला,
"जवल बांदलीस तं कामाची नाय.
लांब बांदलीस तं मोडल.
अडीच हात."
मोजलं स्वतःच्या कोपरापासून.

दुपारी भरती. खारा वारा उठला,
जोडलेल्या हातांनी पोट फुगवलं
आणि सात नंबर निघाली
फेरीबोटीच्या वाटेतून, भोंगा आणि शिव्या खात,
डिझेलचा निळा तवंग फाडत.
उलांडी पाण्याला टेकायची, उचलायची,
पुन्हा टेकायची,
रागावून वेगळ्या बाजेवर निजलेलं माणूस
झोपेत हात लांबवून चाचपतं, तशी.

अकरा वर्षं मी एका घरात होते.
तिथे अंतर कुणी मोजलंच नव्हतं.

मधोमध वारा पडला.
शीड लोंबलं. ओहोटी लागलेली,
मुकाट समुद्राकडे ओढत होती.
वल्हं काढलं. डाव्या तळव्याला फोड आला, फुटला,
खारं पाणी आत गेलं.
धक्क्यावर इनासकाका उभा होता,
हातात जाळं तसंच.
मला वाटलं, माझ्याकडे बघतोय.
तो ओंडक्याकडे बघत होता.

काठाला लागल्यावर मी दोरी सोडू लागले.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला,
"माळ्यावर सुकून तडकतंय ते."
आणि घराकडे वळला, बोय मासळीच्या दोन माळा
माझ्या मांडीवर टाकून.

खानोलकरांना आता कळवावं लागेल:
वाहनाची रुंदी वाढली आहे,
अडीच हातांनी.