प्लस-मायनस

सातपूरच्या कारखान्यात मी दिवसभर
बेअरिंगच्या कड्या मोजते.
वीस मायक्रॉन इकडे, वीस तिकडे,
त्यापलीकडे गेली की लाल क्रेटमध्ये.
कडी वाईट नसते.
बसत नाही, एवढंच.

हे स्वरांगीला कोणत्या तोंडानं सांगू?
तिनं कुत्र्याचं नावसुद्धा ठरवलेलं :
जर्दाळू.

रविवारी टेप काढला.
सिडकोतलं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
हॉल दहा बाय अकरा, त्यात दिवाण, त्यात शिलाई मशीन.
उरलेली जागा तिनं उड्या मारून मोजली :
"आठ उड्या, आई. कुत्र्याला पुष्कळ झाल्या."
बाल्कनीत पाण्याचा ड्रम
आणि वरच्यांच्या ओल्या चादरींची टपटप.
सोसायटीच्या नियमांत कुत्र्यांबद्दल काही नव्हतं,
अहिरेकाकांच्या चेहऱ्यावर मात्र होतं.

तरी गेलो दिंडोरी रोडला,
द्राक्षबागेच्या कडेला मोगलसरांकडे.
सात पिल्लं, एकावर एक, गरम भाकऱ्यांसारखी.
त्यांनी पैशांचं आधी काढलंच नाही.
विचारलं, घर किती वेळ बंद असतं?
मी बोटं मोडत गेले :
फर्स्ट शिफ्ट, तिची शाळा, क्लास,
एक आड एक आठवडा सेकंड शिफ्ट,
तेव्हा ती खाली माळोदेकाकूंकडे जेवते.
अकरा तास, म्हटलं. कधी बारा.
त्यांनी पिल्लू तिच्या मांडीवरून उचललं नाही.
म्हणाले, "ताई, वर्षभरात हा तीस किलोचा होईल
आणि रोज अकरा तास दाराकडे बघत बसेल."
बागेत कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं.
होत नव्हता.

बसमध्ये ती गप्प.
गोदावरीच्या पुलावर एकदाच बोलली :
"पण मासा नको. मासा हाक मारल्यावर येत नाही."
पोपटाला कायद्यानं बंदी.
सशांना मीच घाबरले,
दोनाचे किती होतील
याचा ड्रॉइंगवर आकडा नसतो.

मग देवळालीच्या फिलोमिना सिस्टर.
नोकरी संपली, भावाकडे वसईला निघाल्या,
आणि भावजयीला मांजराच्या केसांनी दमा उठतो.
मांजर अकरा वर्षांचं, कानाला चीर,
रंग म्हणजे चहा पुसलेलं पांढरं फडकं.
नाव मेट्रन.
"सोळा तास झोपते," सिस्टर म्हणाल्या,
"उरलेल्या वेळात राउंड घेते."
एवढं म्हातारं कुणी नेत नाही, हेही म्हणाल्या,
पण पिशवीची गाठ मारताना, माझ्याकडे न बघता.
मी वजाबाकी केली. सोळातून अकरा.
बसत होतं.
तरी हात पुढे करायला वेळ लागला,
कारण दुसरी एक वजाबाकी
मला तिथेच सुचली होती.

पहिले पाच दिवस ती शिलाई मशीनच्या पायडलवर.
खाणं रात्री, कुणी नसताना.
स्वरांगी म्हणाली, "तू आजी आणलीस."
मी भाकरी थापत राहिले.

सहाव्या दिवशी सेकंड शिफ्टहून साडेबाराला आले.
काकू दिवाणावर बसल्या बसल्या पेंगलेल्या,
खाली चटईवर स्वरांगी, तोंड उघडं,
आणि तिच्या पोटरीला पाठ लावून
मेट्रन, जागी.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं वॉर्डात उशिरा आलेल्या नर्सकडे बघतात.
मी चपला हातात घेऊन आत गेले.

आता हाक मारली की ती येते,
तिसऱ्या हाकेला, आणि आपल्या कामासाठी.
स्वरांगी रोज तिचा राउंड वहीत लिहिते :
मोरी, ओटा, खिडकी, पाल नाही.

जर्दाळू हे नाव तिनं मेट्रनला दिलं नाही.
मीही सुचवलं नाही.
कंपासपेटीच्या झाकणाला आतून
पेन्सिलनं लिहून ठेवलंय,
शेजारी वय : शून्य.