अकरावी काडी

आइस्क्रीमच्या काड्या. एकावर एक रचून
दातांच्या फटीत सारायच्या,
तीस आकडे मोजायचे, मग काढायच्या.
पहिल्या आठवड्यात सहा बसल्या.
नातू म्हणाला, आजोबा, एवढं आइस्क्रीम कुणी खाल्लं?

मी सर्जेराव. मसाला मार्केट, टोळी नंबर चौदा.
एकतीस वर्षं धण्याची पोती, मिरचीची पोती,
हळद अशी चढायची की दिवाळीच्या अंघोळीलाही उतरायची नाही,
ह्याच उजव्या खांद्यावर.
गाठी काढताना मानेतली एक नस गेली म्हणे.
तेव्हापासून खांदा लोंबतो,
खुंटीवरून घसरलेला सदरा जसा.
तंबाखूची डबी बायकोनं कोपरखैरण्याच्या खाडीत टाकली.
मला सांगितलंही नाही.

रुबीना मॅडम म्हणाल्या, काका, ही बाटली उचला.
अर्धा लिटर पाणी!
मी हसलो. हसलो म्हणजे डावीकडून.
बाटली छातीपर्यंत आली. पुढं येईना.
आतलं पाणी थरथरत होतं,
आणि मी खिडकीतून पामबीचवरच्या गाड्या बघत राहिलो
जणू मला तेच बघायचं होतं.

मंगळवारी गोल करून बसवतात.
चहा येतो, मी घेत नाही, ओठातून गळतो.
सहा मंगळवार मी फक्त लाद्या बघितल्या.
सातव्याला उलव्याची एक पोरगी
विगखाली खाजवत म्हणाली,
रात्री वाटतं, कुणीतरी मला मोजतंय,
किती उरलेय ते.
काउन्सेलर बाईसुद्धा गप्प.
माझ्याच तोंडून निघालं, अर्धं शब्द, अर्धी लाळ:
पोतं एकट्यानं उचलायचं नसतं, पोरी.
दोघं हात लावतात. पाठीवर आलं की मग आपलं.

ती म्हणाली, काका, कळलं नाही. परत सांगा.

परत सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिला कळलं,
आणि माझा जबडा रात्रभर ठणकला.

पुढच्या महिन्यात स्कॅन आहे. त्याचं मी बोलत नाही.
हूक अजून दाराआड टांगलेला आहे,
त्याचंही घरात कुणी बोलत नाही.
बाटली आता कानापर्यंत जाते.
भाकरी मात्र अजून दुधात कुस्करूनच.

आज अकरावी काडी.
डोळ्यांत पाणी आलं. नातू समोर बसून मोजतो,
सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस,
आणि अठ्ठावीसनंतर
लबाड
पुन्हा सव्वीस म्हणतो.