तीन अक्षरं

मी नट नव्हतो. मी पाट्या लिहायचो,
काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं,
मुक्या तोंडांच्या वाटची वाक्यं.
शांघायच्या उत्तरेला काचेच्या छपराचा आमचा स्टुडिओ;
ढग आला की काम थांबे
आणि सगळे शेंगा फोडत बसत.

त्या साली गरिबी चालत होती.
म्हणजे तिकीटबारीवर.
वेई दिग्दर्शकांनी रेशीमगिरणी उभी केली:
बारा कढया, दोन पोती कोष,
वाफेसाठी उदबत्त्यांचे जुडगे.
खऱ्या बाया हव्यात, म्हणाले.
खाडीपल्याडहून आणल्या नऊ जणी,
तांब्याची वीस नाणी आणि दुपारचा भात.

फान आग्वेई त्यांतली, एकोणिसाची असेल.
तिनं कढईत हात घातला
आणि खुदकन हसली.
"अगं, गार आहे!"
मग सगळ्यांनीच बुडवले, कोपरापर्यंत.
वेई ओरडले: दुःख! दुःख दाखवा!
त्यांना कळेना. आग्वेई म्हणाली,
"साहेब, कढत असतं तेव्हाही आम्ही तोंड वाकडं करत नाही.
मुकादमीण बघते."

मिस याओनं करून दाखवलं.
ग्लिसरीनचे दोन थेंब, थरथरती हनुवटी.
खोटं कशाला बोलू, माझाही घसा दाटला.

शेवटी ठरलं, चेहरा याओचा,
हात हिचे.
रंगभूषावाला फोड काढायला डबी घेऊन आला,
हात पाहिले, झाकण लावलं, परत गेला.

निघताना ती माझ्या टेबलाशी थांबली.
"बाईच्या तोंडी काय घातलंत?"
मी वाचून दाखवलं. चार ओळी, जुन्या वळणाच्या,
आयुष्याचा धागा, नशिबाची कढई वगैरे.
तिनं आदरानं ऐकलं, पाहुण्याघरचं बेचव खावं तसं.
"इतकं बोललं तर धागा तुटेल."
तू काय म्हणशील?
"पाणी फार कढत."

आमच्या लिपीत तीन अक्षरं.
पहिलं पाणी, आणि शेवटच्याच्या बुडाशी विस्तव.
रात्री जागून पुठ्ठा रंगवला.
वेईंनी बाजूला ठेवला:
"यात काव्य कुठंय?"

चौथ्या दिवशी मी बोटीच्या धक्क्यामागच्या थिएटरात गेलो,
बाकड्यांच्या, सर्वांत स्वस्त.
अंधाराला उकडलेल्या किड्यांचा वास होता,
म्हणजे गिरणी सुटली होती.
भोपळ्याच्या बियांवर राजी झालेला एक पोरगा
सगळ्यांसाठी पाट्या मोठ्यानं वाचत होता.

याओ रडली. बायाही रडल्या, मनापासून.
मग पडदाभर हात आले.
पांढरी उकडलेली कातडी, उललेल्या नखांच्या कडा.
रडणं थांबलं.
"हे हिचे नाहीत."
"अंगठा बघ, डावरी आहे."
"तिसऱ्या शेडमधली ती, काय गं नाव तिचं—"
पोरगा माझ्या चार ओळी वाचत होता,
दुसऱ्या ओळीत अडखळला,
कुणी त्याला पुढं हो म्हटलं नाही.

तीन अक्षरांचा तो पुठ्ठा माझ्याकडेच आहे.
हिवाळ्यात टेबल भाजू नये म्हणून
त्यावर किटली ठेवतो.