एका कान्याचा फरक

पारोळ्याच्या स्टँडमागं, पिठाच्या गिरणीवर
माझी खोली. दळण सुरू झालं की टेबल थरथरतं,
स्कॅनरच्या काचेवर दादरचं पीठ बसतं.
तिथं मी रजिस्टरं उलगडते केवळाबाई भामरेंची.
एकतीस वर्षं अंगणवाडी.
पुढच्या बाजूला बाळांची वजनं, सुकडीचा हिशेब,
सही कधी केवळाबाई, कधी केवयाबाई.
मागच्या कोऱ्या बाजूला गाव:
कुणाला काय झालं, कोण काय बोललं,
ज्या दिवशी जसा कान होता तसं.

सोमवारी मन्हा. बुधवारी मना.
पोळ्याच्या आदल्या दिवशी, घाईत, माना.
बठ्ठा, बट्ठा, बठा, म्हणजे सगळा,
आणि सगळा कुठल्याच दोन पानांवर सारखा नाही.

मशीनला मी पावलं मोजायला शिकवलं.
एक अक्षर घाल, एक काढ, एक बदल,
किती पावलांत हा शब्द त्या शब्दाच्या ओट्यावर पोचतो?
एकाच पावलात पोचला तर दोघं एका घरचे.
मग आपल्या मुलखासाठी सवलत दिली:
ळ चा य झाला तर पाऊल धरू नकोस.
त्या सवलतीत धुळ्याचं धुये झालं फुकटात,
जळगावचं जयगाव,
जळता जळता गाव जिंकून मोकळं.
डोळा डोया, शाळा शाया. मी खूश.
तेवढ्यात माळ उठली आणि माय होऊन बसली,
गाळातून गाय निघाली,
आणि काळ विचारायला लागला, काय?

सवलत मागं घेतली. मग अर्धी परत दिली.
म्हटलं, एकटा शब्द बघू नकोस, शेजार बघ.
गळ्यात असेल तर माळ,
हाक मारली असेल तर माय.

रात्री अकराला गिरणी थांबली तेव्हा यादी आली.
आंडोर, मुलगा: चारशे बारा वेळा.
आंडेर, मुलगी: शहाण्णव.
फरक, एक काना.
मशीनचा कायदा साधा, मीच लिहिलेला:
जास्त वेळा येतो तो मूळ शब्द,
कमी वेळा येते ती लिहिणाऱ्याची चूक.
शहाण्णव दुरुस्त्या केल्या आहेत. मान्य?

एक्क्याण्णवचं रजिस्टर काढलं, पान चाळीस.
बाईंची निळी शाई:
सुपडूनी आंडेर, पावणेदोन किलो, रडत नाही.
ती मी.
पडद्यावर: सुपडूनी आंडोर.
शब्द बदलला, पण आधीची नी तशीच ठेवली त्यानं.
गावातलं शेंबडं पोरही हसेल अशी ओळ.
त्या नी ला धरून मी रात्रभर
एकेक पोरगी परत आणली.
त्र्याण्णव मिळाल्या. तिघींच्या मागं
नी नव्हती, ना नव्हता, बापाचं नावच नव्हतं.
त्या हातानं लिहिल्या.

सकाळी बाई आल्या, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा.
सांगितलं तर खुर्चीत रेलून हसल्या:
“तेनं काय चुकनं वं? गावबी तेच करस.”
आणि शेंगा फोडत बसल्या, टरफलं माझ्या कीबोर्डवर.

एक शब्द उरलाय. पान दोनशे सहा,
फक्त एकदा आलेला, सुकडीच्या तेलात पुसटलेला.
मशीनला त्याच्या चार पावलांत कुणी सापडलं नाही.
बाईंनी पान डोळ्याशी नेलं, खिडकीशी नेलं,
ओठ हलवून पाहिले.
शब्द नाही आठवला. बोलणारी आठवली:
डाव्या हाताला कोपरापर्यंत गोंदण,
नळावर कुणाला पुढं घुसू द्यायची नाही.
अर्थाच्या रकान्यात मी तेवढंच टाकलं.
मशीन म्हणालं, हा अर्थ नाही.
खाली पट्टा चढला, टेबल हलायला लागलं,
बाई म्हणाल्या, राहू दे.