डाग देईपर्यंत

बोरमाळेचा फासा तुटला म्हणून गुजरीत गेले,
तर निमाई म्हणाला, "डाग द्यायला लागेल, मावशी.
एक घोंटा."
तास म्हणायचं होतं त्याला.
बारा वर्षं झाली कोल्हापुरात येऊन,
तरी त्याच्या तोंडात अजून अ चा ओ होतो,
जणू आत काहीतरी विरघळतंय.

वहीत वजन लिहिलं: बारा ग्रॅम तीनशे चाळीस.
मग भाच्याला हाक, "पोल्टू, मावशीला फिरवून आण."

एकेचाळीस वर्षं मी याच रस्त्यानं भाजी नेली.
भांड्यांच्या दुकानामागे बोळ आहे हे माहीत होतं.
त्या बोळात संध्याकाळी सहाला
दुसरंच गाव उघडतं, हे नव्हतं.

आधी वास आला, नाकात चढणारा,
लोणच्याची बरणी कुणी उघडी टाकून गेल्यासारखा.
मोहरीचं तेल.
एकजण तुपाच्या जुन्या डब्यात
चुरमुरे, मिरची, कांदा, खोबऱ्याच्या चकत्या
चमच्यानं खडखडा हलवत होता.
"भडंगच की हे," मी म्हणाले.
पोल्टू थांबला. अकरावीला आहे, मेन राजारामला.
"मावशी, भडंग वायलं आन् हे वायलं."
मामाचा ओ त्याच्या तोंडात नाही.
त्याचं तोंड आपलंच आहे.

पुढं वांग्याचे लांब काप, बेसनात बुडवून तळलेले.
पाणीपुरीत नुसती चिंच आणि कुस्करलेला बटाटा.
गोड पाणी मागितलं, तर माणूस असा बघायला लागला
की मीच ओशाळले.
वाटाण्याची घुगनी मला नाही आवडली.
खोटं कशाला बोलू?
कट नाही, फरसाण नाही,
पोल्टूनं माझी वाटी संपवली, काही न बोलता.

शेवटच्या खोलीत हारू मोयरा
चुलीपुढं उकिडवा बसलेला.
त्याला गंगावेशीतून हिंदुराव दूध घालतो. गाईचं.
म्हशीचं नको म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक
म्हणून हिंदुराव एकदा बघायला थांबला,
आणि उकळत्या दुधात आंबट पाणी पडताना बघून
"नासवलंस की रं!" म्हणत
किटली तिथंच विसरून गेला.

आमच्या घरी दूध नासलं
की आई साखर घालून गुपचूप आम्हाला द्यायची,
बाबांच्या नजरेआड,
चूक खाऊन टाकायची असते तशी.
इथं तीच चूक मुद्दाम, कढईभर,
फडक्यात बांधून, पिळून, तळहातानं रगडून रगडून
लोण्यासारखी केलेली.
मग साच्यात.
साचा लाकडी, माशाचा,
एकेक खवला निमाईनं कोरलेला,
अंगठ्यांवर नावं घालतो त्याच कोरणीनं.

"नोलेन गूळ," हारू म्हणाला, "खजुराचा. देशातून येतो."
मी शेपटीकडनं चावले.
खाल्लं, आणि थांबले.
जिभेनं आधी ओळखलं, मी नंतर.
"हा उसाचा आहे."
हारूनं पोल्टूकडं बघितलं. पोल्टूनं चपलेकडं.
"या साली पार्सल नाही आलं, मावशी.
मार्केट यार्डातनं आणला. वडणग्याचा."

वडणगे माझं माहेर.
तसं सांगितलं नाही मी त्याला.
दुसरा मासा मागून घेतला, डोक्याकडनं खाल्ला.
गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी
काकवीनं ओठ भाजलेली एक पोरगी
बराच वेळ माझ्याबरोबर चालत राहिली.

तासाचे पावणेदोन झाले होते.
निमाईनं माळ तळहातावर ठेवली.
चष्मा लावला, नख फिरवलं,
तुटलं होतं कुठं ते सापडेना.
काटा म्हणाला, बारा तीनशे बावन्न.
"वाढलं कसं?"
"डागाचं, मावशी."

दुसरा डाग घरी आल्यावर दिसला,
पदरावर, पिवळट, रुपयाएवढा.
सोडा लावला, लिंबू लावलं.
वास अजून येतो.